कांदा चाळीत, फी दारात

देवळा तालुक्यातल्या मुलाला कृषी पदवीचा प्रवेश मिळतो तो भर पावसाळ्यात. सीईटीचा निकाल, गुणवत्ता यादी, कॅपच्या फेऱ्या असे करता करता जुलै सरतो, कधी सप्टेंबरही उजाडतो. याच दिवसांत घरचा उन्हाळ कांदा चाळीत पडून असतो. विकावा तर भाव नाही, ठेवावा तर सड लागते. पोळ कांद्याचे रोप, मक्याचा युरिया, डाळिंबाच्या बागेची फवारणी, सगळे एकदमच दारात उभे राहते. आणि नेमका तेव्हाच मोबाइलवर संदेश येतो की अमुक तारखेपर्यंत हजर राहून शुल्क भरा, नाहीतर जागा पुढच्या फेरीत जाईल. अशाच मुलांसाठी कृषी महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी निधी जमवतात, त्यासाठी मेळावे भरवतात. या साऱ्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात त्या संदेशापासून करावी. निधी किती जमला हे आपण हौसेने विचारतो. तो मुलाच्या हातात कधी पडला हे सहसा कोणी विचारत नाही.

कळवणपासून वेगळा होऊन देवळा स्वतंत्र तालुका झाला १९९९ साली. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून होणारा हा कसमादे पट्टा. गिरणेचे पाणी, कांदा, डाळिंब, विठेवाडीचा वसाका साखर कारखाना, उमराण्याचा कांदा बाजार, घरात बोलायला अहिराणी. इथला मुलगा कृषी शिकायला निघाला की पट्ट्याबाहेर जायचा. जुन्या पिढीसमोर पुणे आणि धुळे ही दोन नावे होती. पुण्यात शेतकीचे वर्ग १८७९पासून होते आणि त्यांतून १९०७ साली महाविद्यालय उभे राहिले. धुळ्याचे महाविद्यालय १९६०चे. पुढे १९६८मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले. नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाजाचे आणि के. के. वाघ संस्थेचे कृषी महाविद्यालय आहे आणि अलीकडे मालेगावजवळ काष्टीला कृषी विज्ञान संकुल झाले. म्हणजे देवळ्यात आज जे कृषी पदवीधर दिसतात, ते एका महाविद्यालयाचे नाहीत. कोणी धुळ्याचा, कोणी पुण्याचा, कोणी राहुरीचा. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

आधी सरकार काय देते ते पाहू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे; आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना ती शुल्कात सवलत देते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे आणि त्यात अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा विचार आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम. जुलै २०२४च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कागदावर ही यादी लहान नाही. सरकार काही करत नाही, माजी विद्यार्थ्यांनीच आता पुढे यावे, असा सूर काही मेळाव्यांच्या भाषणांत असतो. तो मला पटत नाही.

अडचण वेगळीकडे आहे. हे सगळे महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून जाते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आधारला जोडलेले बँक खाते, मग महाविद्यालयाच्या पातळीवर तपासणी, मग जिल्ह्याच्या, मग हप्ता. तोवर शैक्षणिक वर्ष बरेच पुढे सरकलेले असते. पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीची रक्कम आधी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. प्रत्यक्षात, विशेषतः विनाअनुदानित महाविद्यालयांच्या खिडकीवर, ‘आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या’ हेच ऐकू येते. शुल्काखेरीजचे खर्च तर कोणत्याच पोर्टलवर नसतात: खोलीची अनामत, खाणावळीचा पहिला महिना, एप्रन, प्रात्यक्षिकांची जर्नले, कीटकसंग्रहाची पेटी, हर्बेरियमची फाइल. शेवटच्या वर्षात ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. तेव्हा ही मुले कृषिदूत आणि कृषिकन्या होऊन गावात राहतात आणि राहण्या-फिरण्याचा खर्च पुन्हा अंगावर येतो. कृषी प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत शेतकरी कुटुंबाच्या सातबाऱ्याला वर्षानुवर्षे अधिभार मिळत आला. पण त्या सातबाऱ्याने जागा मिळवून दिली तरी ऑगस्टमधला भरणा त्याने होत नाही.

त्यात कांद्याचे राजकारण. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४मध्ये ती उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क लावून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ला ते काढले गेले. या सव्वा वर्षात ज्या घरातला मुलगा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला होता, त्या घराचे ‘वार्षिक उत्पन्न’ दाखल्यावर एकच आकडा सांगत होते आणि चाळ दर आठवड्याला वेगळा. गरीब आणि सधन अशी सरळ विभागणी कसमादेत चालत नाही. इथले पुष्कळसे शेतकरी आळीपाळीने दोन्ही असतात. शिष्यवृत्तीचे निकष ठरवणाऱ्या शहरी मंडळींच्या हे लक्षात येत नाही.

शिक्षणासाठी दुसऱ्याने पैसे उभे करावेत ही रीत या पट्ट्याला मात्र नवी नाही. सयाजीराव गायकवाड मूळचे शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८६३मध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे त्याने परदेशी शिक्षणासाठी ज्या शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांत शेतकीही होती: खासेराव जाधवांना बडोद्याने इंग्लंडात सिरेन्सेस्टरच्या शेतकी महाविद्यालयात शिकवले. १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, ही शिष्यवृत्ती मिळाली ती याच दरबारातून, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. करार पुरा झाला नाही. बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा कोणी दिली नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याची नियत चांगली असली तरी तिच्यामागे अट आली की काय होऊ शकते, हे त्यात दिसते. आज माजी विद्यार्थी जेव्हा म्हणतात की ‘आमच्या पैशाने शिकलास, आता गावातच काम कर’, तेव्हा मला तो करार आठवतो.

राजाश्रयाच्या पलीकडे लोकांचा पैसा उभा करण्याचे प्रयोगही आपल्याकडे भरपूर झाले. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड, ज्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला, वर्षाला माणशी एक पैसा मागत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या मूठ-मूठ धान्याचा मुष्टिफंड चालवला. करमणुकीतून निधी म्हणाल तर बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांचा ‘संयुक्त मानापमान’ ८ जुलै १९२१ला मुंबईत झाला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. एखाद्या शाळेच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा आणि तिकिटे गावातल्या प्रतिष्ठितांच्या गळ्यात मारायची, ही तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याने पाहिलेली गोष्ट आहे.

या सगळ्यात माजी विद्यार्थी कुठे बसतात? खऱ्या अर्थाने माजी विद्यार्थ्यांच्या बळावर वाढलेले मराठी उदाहरण शोधायचे तर मी पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडे बोट दाखवीन. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती सुरू केली. खेड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांना अल्प खर्चात राहणे-जेवणे मिळावे, एवढे साधे तिचे काम. त्यातून शिकून बाहेर पडलेल्यांचे माजी विद्यार्थी मंडळ पुढे संस्थेचा मोठा आधार झाले. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. समितीची मुले वेगवेगळ्या महाविद्यालयांची. त्यांना बांधून ठेवते ते एका ताटात जेवलेले अन्न आणि तो काळ. महाविद्यालयाची पाटी त्यात दुय्यम. समिती जे देते तेही त्यांनी स्वतः सोसलेल्या अडचणीच्या नेमक्या जागी पडते, म्हणजे छप्पर आणि जेवण.

कृषी महाविद्यालयांत हा धागा कच्चा राहिला, याला इतिहासही आहे. आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर निघाली. महाराष्ट्राला त्या काळात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे साहाय्य होते. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एका छताखाली आणण्याची रचना तिकडून आली. त्या विद्यापीठांना १८६२च्या मॉरिल कायद्याने जमीन मिळाली होती, आणि जमिनीइतकीच त्यांना पुढे उपयोगी पडली ती माजी विद्यार्थ्यांची संघटना. ती मात्र आपण आणली नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाचे कृषी माजी विद्यार्थी दर वर्षी ऐन थंडीत ‘फिश फ्राय’ नावाचा मेळावा भरवतात. तळलेले मासे, शेतकरी, प्राध्यापक, राजकारणी आणि विद्यार्थी एकत्र. मला त्याहून जास्त रस वाटतो तो त्याच कृषी माजी विद्यार्थी परंपरेतून निघालेल्या एका बियाणे संस्थेत. विद्यापीठातले वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचावेत म्हणून ती उभी राहिली आणि आज मक्याच्या लाह्यांच्या, म्हणजे पॉपकॉर्नच्या, बियाण्यासाठी ओळखली जाते. ज्यांना शेतीतले कळते त्यांनी शेतीतलेच काही विकून संस्था चालवायची, हा विचार देणगीच्या पावतीपेक्षा टिकाऊ आहे.

कांद्याच्या पट्ट्यात तो सुचू नये याचे नवल वाटते. निफाडच्या एन-५३ने आणि पिंपळगावच्या बसवंत-७८०ने इथल्या कित्येक पिढ्यांचे संसार चालवले. कांदा बियाण्याची टंचाई आणि फसवणूक हा कसमादेतल्या दर पावसाळ्याचा विषय असतो. कृषी पदवीधरांनी खात्रीचे बियाणे तयार करून विकावे आणि नफ्याचा ठरावीक भाग विद्यार्थ्यांना द्यावा, याला परवाने, तपासण्या, साठवण सगळे लागेल हे खरे. पण ते सगळे येणारी माणसे माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेतच असतात.

त्याऐवजी होते ते स्नेहमेळावे. पंचवीस वर्षांनी बॅच एकत्र येते. व्हॉट्सॲपवर गट निघतो, लॉन ठरते, टोप्या आणि टी-शर्ट छापले जातात, निवृत्त प्राध्यापकांना शाल-श्रीफळ, दुपारी जेवण, संध्याकाळी कराओके. मेळावा वाईट नाही. माणसे भेटतात, कोणाचे दुखणे कळते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरते. अडचण निधीच्या हिशेबात आहे. जमलेल्या वर्गणीतून लॉन, जेवण आणि फेटे वजा केले की जे उरते त्याची महाविद्यालयाला ‘भेट’ दिली जाते आणि ती भेट दिसणारी असावी लागते. पाणी थंड करण्याचे यंत्र, बाकडी, कमान, प्रवेशद्वारावरचा फलक. खाणावळीच्या पहिल्या महिन्याचा फलक लावता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसे उरत नाहीत. मूल्यांकन करणाऱ्या समित्याही माजी विद्यार्थी संघाची नोंदणी आणि योगदान विचारतात. तेव्हा प्राचार्यांनाही कमान परवडते, कारण तिचा फोटो अहवालात बसतो.

दुसरा प्रकार स्मृतिनिधीचा. आवडत्या प्राध्यापकाच्या नावे ठेव ठेवायची आणि व्याजातून पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक. भावना खरी, गणित तोकडे. समजा पंचवीस हजारांची ठेव बारा टक्के व्याजाच्या काळात ठेवली, तर वर्षाला तीन हजार यायचे. सात टक्क्यांनी साडेसतराशे येतात. पाच मुलांना वर्षाला वीस-वीस हजार द्यायचे ठरवले तर लाख रुपये लागतात आणि ते सात टक्क्यांच्या व्याजातून काढायला सव्वाचौदा लाखांची ठेव हवी. एवढी ठेव उभी करण्यात संघटनेची उमेदीची वर्षे जातात. शिवाय पारितोषिक मिळते वर्षाच्या शेवटी आणि गुणांवर. ज्याने ऑगस्टात फी न भरल्याने जागा सोडली, तो त्या यादीत नसतोच.

आता हेच लाख रुपये फिरते ठेवले तर? पाच मुलांना ऑगस्टात बिनव्याजी द्यायचे, महाडीबीटीचा हप्ता खात्यावर आला की परत घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तेच पैसे पुढच्या पाचांना द्यायचे. सव्वाचौदा लाखांच्या ठेवीचे निम्मेअधिक काम लाखाच्या उसनवारीने होते. निम्मेअधिक म्हणतो, कारण खोली आणि खाणावळीचे पैसे कोणत्याही पोर्टलवरून परत येत नाहीत. ते दिले की दिले, असेच धरायला हवे. मुलींच्या बाबतीत तर शुल्कमाफीनंतर हाच भाग मुख्य उरला आहे. एखाद्या निधीने ‘फीची पावती जोडा’ ही जुनी अट तशीच ठेवली, तर जिचे शुल्क माफ आहे पण जिला खोलीभाडे जमत नाही, ती कृषिकन्या नियमात बसणार नाही. अशा अटी कोणी दुष्टाव्याने ठेवत नाही. त्या मागच्या वर्षीच्या अर्जावरून उतरवलेल्या असतात.

उसनवारी बुडणार नाही का? काही बुडेल. पण कोण बुडवेल आणि कोण खरोखर अडला आहे, हे ओळखायला माणूस जवळचा लागतो. महाविद्यालयवार संघटनांपेक्षा तालुकावार निधी मला अधिक पटतो तो इथे. देवळ्याच्या पेठेतला कृषी सेवा केंद्राचा मालक पुष्कळदा स्वतः कृषी पदवीधर असतो. २०१५नंतर कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शैक्षणिक पात्रतेची अट आल्यावर तर दुकान आणि पदवी यांची गाठ आणखी घट्ट झाली. बँकेचा कृषी अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, नोकरी न करता बाग करणारा पदवीधर, स्पर्धा परीक्षेतून महसुलात किंवा पोलिसात गेलेला आणि दिवाळीला गावी येणारा, हे सगळे वेगवेगळ्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी एकाच तालुक्यात राहतात. कोणाच्या चाळीला पाणी लागले, कोणाची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, हे त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा आधी ठाऊक असते.

जवळिकीचे धोकेही तेवढेच खरे. भावबंदकी, पॅनेलचे राजकारण, जात, सोयरीक, उधारीचे जुने हिशेब. दुकानदार निधीच्या समितीवर असेल आणि विद्यार्थ्याच्या बापाची त्याच्याकडे खताची बाकी असेल, तर निर्णय कोण घेणार? अशा वेळी त्या सभासदाने बाजूला बसावे, एवढा नियम लेखी हवा. दुसरे, धनादेश देतानाचे छायाचित्र नको. पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात धरून उभा राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पारावरून जातो तेव्हा त्याला जे वाटते त्याची भरपाई वीस हजारांत होत नाही. कंपन्यांचा प्रश्नही इथलाच. कीटकनाशक आणि बियाणे कंपन्या मेळाव्याचा खर्च आनंदाने उचलतात, त्यांचे विक्री अधिकारी अनेकदा त्याच बॅचचे असतात. जेवण त्यांनी द्यावे. शिष्यवृत्तीच्या नावात उत्पादन नको. ज्या मुलाने उद्या शेतकऱ्याला ‘ही फवारणी करू नका’ असे सांगायचे, त्याचे शिक्षण त्या बाटलीच्या नावाने झालेले नसलेले बरे.

करसवलतीचे आमिष पूर्वीइतके उरलेले नाही. ८०-जीची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, त्यामुळे नव्या प्रणालीत गेलेल्या नोकरदार माजी विद्यार्थ्याला पावतीचा तसा उपयोग नाही. परदेशी नागरिकांकडून पैसे घ्यायचे तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते, हा व्याप तालुक्याच्या संघटनेने अंगावर घेऊ नये. परदेशी पारपत्र घेतलेल्या मित्राने देवळ्याच्या निधीला पैसे पाठवण्यापेक्षा विद्यार्थ्यांशी महिन्याला एक तास बोलावे. उच्च शिक्षणाचे अर्ज, भाषेची परीक्षा, प्राध्यापकाला पत्र कसे लिहायचे, हे पैशाइतकेच अडते. देशातल्या पैशासाठी मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब आणि दोघांच्या सहीचे खाते एवढे हवेच. एकाच्या गूगल पेवर जमा झालेल्या वर्गणीने मैत्र्या तुटलेल्या आहेत.

राहता राहिला मेळावा. तो हवाच, कारण माणसे भेटल्याशिवाय देत नाहीत. फक्त तो दिवाळीनंतर किंवा डिसेंबरच्या हुरड्याला भरवला की जमलेले पैसे आठ महिने पडून राहतात आणि कमानीकडे वळतात. कसमादेत त्यासाठी आखाजी चांगली. अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, बाहेरगावचे नोकरदार येतात, उन्हाळ कांदा नुकताच निघालेला असतो, प्रवेशाला दोन-तीन महिने असतात. एखाद्या सभासदाच्या मळ्यात खापरावरचे मांडे आणि आमरस करावा, जेवणाची वर्गणी वेगळी घ्यावी आणि निधीचा पैसा त्यात मिसळू नये. शेती करणाऱ्या सभासदांकडे रोकड मागू नये, एक-एक क्विंटल कांदा मागावा, मुष्टिफंडासारखा. तो एकाच चाळीत ठेवून जुलैत उमराण्याला विकला की पैसे पहिल्या फेरीला हाताशी येतात. भाव पडला तर तो तोटा नोकरीतल्या सभासदांनी भरून काढायचा, आणि भाव चढला तर वरचे पैसे पुढच्या वर्षाला राखायचे, एवढे मात्र मांडे वाढण्याआधी ठरवून घ्यावे लागेल.